टीबी निघाला नाही, तरी दम लागतोय: एचआयव्हीसोबत जगताना हृदयाचा स्नायू कसा सांभाळाल

सोलापूर जिल्ह्यातल्या एका एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रात मी औषधाच्या खिडकीवर बसते, फार्मासिस्ट म्हणून. एप्रिल २००४ मध्ये सरकारने एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या वर्षांत गोळ्या सुरू केलेले कितीतरी जण आज पन्नाशी-साठीत आहेत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला, शेतीकाम चालू, मुलांची लग्नं झालेली. त्यांच्या पिशवीत आता आमच्या बाटलीशेजारी बीपीची, शुगरची, हृदयाची पाकिटं असतात. एचआयव्हीची गोळी एका खिडकीवर मिळते, हृदयाची दुसऱ्या दवाखान्यात किंवा मेडिकलवर, आणि दोन्हीकडच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून फारसं कोणी बघत नाही. म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे. हृदयाचा स्नायू कमजोर आहे असं ज्यांना सांगितलंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही पण जिना चढताना मध्येच थांबावं लागतंय, त्यांच्यासाठीही.

स्नायू कमजोर होतो म्हणजे काय

हृदयाचा डावा मोठा कप्पा रक्त साऱ्या अंगात ढकलतो. त्याची भिंत ढिली पडून कप्पा फुगला की रक्त पुढे कमी जातं आणि मागे फुप्फुसांत, पायांत, पोटात पाणी साचायला लागतं. डॉक्टर याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. एआरटी सगळ्यांपर्यंत पोचण्याआधी हे पुष्कळ दिसायचं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात एचआयव्ही असलेल्या ९५२ जणांवर सुमारे पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या ७६ जणांचं हृदय असं फुगलेलं निघालं. एआरटीमुळे हे प्रमाण खूप खाली आलं. आता जास्त दिसतो तो दुसरा प्रकार: कप्पा फुगत नाही, पण भिंत ताठर होते, रक्त भरून घेताना नीट सैल पडत नाही. दम मात्र तसाच लागतो.

कारणं एकात एक गुंतलेली असतात. विषाणू दबलेला असला तरी शरीरात बारीक दाह धुमसत राहतो. ज्यांचा सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फार खाली जाईपर्यंत उपचार मिळाला नाही, त्यांना धोका जास्त. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचं जुनं औषध पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागालाच इजा करतं, त्यामुळे स्नायू थकतात. शिवाय दारू, तंबाखू, बीपी, शुगर, हृदयाच्या नळीतला अडथळा, थायरॉइड, अन्नातली थायमिनची कमतरता. एचआयव्ही आहे म्हणून सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. दारू सोडल्यावर किंवा थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर सुधारलेली हृदयं असतात. डॉक्टरांना सरळ विचारा, "माझ्या बाबतीत कारण काय वाटतं?"

ओळखायचं कसं

दम लागला की आपल्याकडे पहिला विचार टीबीचा येतो, आणि तो यायलाच हवा. थुंकी तपासा, छातीचा फोटो काढा. पण टीबी निघाला नाही आणि दम तसाच राहिला, तर खोकल्याची बाटली घेऊन घरी बसू नका.

हृदयाचा दम बहुतेक वेळा आडवं झाल्यावर वाढतो. एका उशीवर झोपणारा माणूस दोन-तीन उशा मागायला लागतो. झोप लागल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून उठतो, दारात जाऊन बसतो, थोड्या वेळाने बरं वाटतं. खोकला रात्री जास्त येतो. संध्याकाळी चपलेचा पट्टा घट्ट होतो. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला तर ती सूज पाण्याची. पोट गच्च वाटतं, दोन घास खाल्ले की पुरे होतं. पुष्कळजण याला गॅस समजून महिना काढतात.

वजनाबद्दल दोन गोष्टी आवर्जून सांगते, कारण आपल्या लोकांची इथेच फसगत होते. डोल्यूटेग्राव्हिर हे एचआयव्हीचं औषध सुरू केल्यावर अनेकांचं वजन वाढतं, पण ते महिन्यांच्या हिशेबाने. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, ते पाणी असतं. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. आजाराने अंग वाळलेल्या माणसाचं मांस कमी होत असतं आणि पाणी वाढत असतं, त्यामुळे काट्यावर वजन स्थिर दिसतं. दंड बारीक, गालफडं बसलेली आणि पाय-पोट सुजलेलं असेल, तर काट्यावर विसंबू नका.

कोणती तपासणी मागायची

ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोशिवाय स्नायूबद्दल काही नक्की सांगता येत नाही. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत इको होतो. एआरटीच्या डॉक्टरांकडून पाठवणीची चिठ्ठी घेऊन जा. सोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा), पोटॅशियम, शुगर आणि थायरॉइड करून घ्या. हिमोग्लोबिन विसरू नका. झिडोव्हुडिनने रक्त फार कमी होऊ शकतं आणि नुसत्या पंडुरोगानेही असाच दम लागतो.

इकोच्या कागदावर ईएफ नावाचा आकडा शोधा. डावा कप्पा एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो, ते तो सांगतो. साधारण ५५ ते ७० चांगला. ४० किंवा खाली म्हणजे स्नायू चांगलाच कमजोर. हा आकडा हृदय किती शिल्लक आहे ते सांगत नाही, म्हणून ३५ वाचून रडू नका. उपचारांनी तो वर येतो, हे मी खिडकीवर दाखवायला आणलेल्या कागदांवर पाहिलंय. ईएफ चांगला असून खाली "डायस्टोलिक डिसफंक्शन" लिहिलं असेल, तर तो मघाचा ताठर भिंतीचा प्रकार. "पेरिकार्डियल इफ्युजन" म्हणजे हृदयाच्या आवरणात पाणी. एचआयव्ही असलेल्या माणसात असं पाणी दिसलं की टीबीचा शोध पुन्हा घ्यावा लागतो, मग थुंकी स्वच्छ असली तरी.

एक कागद, ज्यावर सगळं असेल

आता माझ्या खिडकीचा विषय. एक जाड कागद घ्या. वरती एआरटीच्या औषधांची नावं, कधीपासून, आणि पूर्वी काय घेत होता ते. एसएलएन किंवा झेडएलएन (एचआयव्हीच्या जुन्या एकत्र गोळ्या; झेडएलएनमध्ये झिडोव्हुडिन असतं) घेतलं असेल तर तेही लिहा. हृदयाच्या डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं. शेवटचा व्हायरल लोड आणि सीडी-४. त्याखाली हृदयाची प्रत्येक गोळी: कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता. मग ईएफ तारखेसह, शेवटचं क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन. सूज नसतानाचं वजन. एआरटीच्या हिरव्या पुस्तकात हा कागद ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये. ज्यांना कागदावर "एचआयव्ही" लिहायचं नाही, त्यांनी नुसतं टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्यूटेग्राव्हिर लिहावं. डॉक्टरला तेवढं पुरतं.

हा कागद कशासाठी लागतो ते पाहा.

स्नायूच्या उपचारात सहसा चार जातीची औषधं एकत्र देतात: कार्व्हेडिलोल किंवा मेटोप्रोलोलसारखं ठोके सावकाश करणारं, रामिप्रिल-एनालाप्रिलसारखं किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, मग स्पायरोनोलॅक्टोन, आणि डापाग्लिफ्लोझिन. पाणी उतरवायला वरून फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड. टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्यूटेग्राव्हिरची एकत्र गोळी) घेणाऱ्यांना यातलं बहुतेक सगळं चालतं, ही आनंदाची गोष्ट आहे. अडचणी ठरावीक ठिकाणी येतात.

सीडी-४ कमी असल्यामुळे इतर संसर्ग टाळायला कोट्रीमोक्साझोल चालू असेल तर ते रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोनच्या जोडीला मिळून रक्तातलं पोटॅशियम वाढवतं. फार वाढलं तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. तिन्ही एकत्र असतील तर नव्या गोळ्या सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासाच. कोट्रीमोक्साझोल एआरटी केंद्रातून मिळतं आणि बाकी दोन बाहेरून, त्यामुळे नेमकी हीच जोडी नजरेतून सुटते.

डोल्यूटेग्राव्हिरमुळे पहिल्या महिन्यात क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढतो आणि तिथेच थांबतो. मूत्रपिंडाला इजा झालेली नसते; लघवीतून क्रिएटिनिन बाहेर पडण्याची एक वाट तेवढी अडते. हे माहीत नसेल तर हृदयाचे डॉक्टर रामिप्रिल बंद करून टाकतात आणि माणूस चांगल्या औषधाला मुकतो. आकडा वाढतच चालला असेल तर मात्र टेनोफोविरचा त्रास नाही ना हे बघायला हवं.

लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधातलं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम डोल्यूटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतात. डोल्यूटेग्राव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. लोह-कॅल्शियम भरल्या जेवणासोबत एकत्र घेतलं तर चालतं, ॲसिडिटीच्या औषधाला ही सूट नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन असेल तर डोल्यूटेग्राव्हिरसोबत दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत.

दुसऱ्या टप्प्याच्या उपचारावर (पहिली एचआयव्हीची औषधं लागू पडेनाशी झाल्यावर दिलेल्या) असलेल्यांनी जास्त जपायचं. त्यातल्या ॲटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर किंवा दारुनाव्हिरसोबत रिटोनाव्हिर असतं, आणि ते यकृतात बाकीच्या औषधांची वाट अडवतं. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन अजिबात चालत नाही. हृदयाची एप्लेरेनोन आणि आयव्हाब्राडिनही नाहीत. ॲटोर्व्हास्टॅटिन, अम्लोडिपिन, डिगॉक्सिन कमी मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली. दम्याचा समज होऊन दिलेला स्टेरॉइडचा पंपसुद्धा धोक्याचा: फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड रिटोनाव्हिरसोबत अंगात साठतं, चेहरा सुजतो, बीपी-शुगर चढते.

टीबीचं रिफाम्पिसिन उलटं वागतं, औषधं झपाट्याने काढून टाकतं. ते चालू असताना डोल्यूटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं, आणि कार्व्हेडिलोल, मेटोप्रोलोल, लोसार्टन यांचा जोर कमी पडतो. टीबीचं औषध सुरू झालं आणि संपलं, दोन्ही वेळा हृदयाच्या डॉक्टरांना कळवा.

एनालाप्रिल किंवा रामिप्रिल बदलून सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन दिलं तर मध्ये ३६ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर ओठ-घसा सुजून श्वास अडू शकतो. घरातली उरलेली जुनी पाकिटं परत आणून द्या. आणि रामिप्रिलने कोरडा खोकला आला तर टीबी परत आला म्हणून घाबरू नका, गोळी स्वतः बंदही करू नका. दुसऱ्या जातीची बदलून मिळते.

गुडघेदुखीची गोळी हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न. तुरीच्या रानात दिवसभर वाकून काम केल्यावर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेणं ही सवयच झाली आहे. ती पाणी साठवते, मूत्रपिंडाला मारते, टेनोफोविरसोबत तर आणखीच. पॅरासिटामॉल घ्या, शेक घ्या.

हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं का

सांगा. वर लिहिलेली एकही जोडी डॉक्टरांना माहिती नसताना टाळता येत नाही. भीती कशाची असते ते मला ठाऊक आहे: वॉर्डात बोभाटा, सोबत आलेल्या दिराला कळणं, फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिणं. तपासणीच्या खोलीत एकटे जा, "डॉक्टर, नातेवाइकांसमोर बोलू नका" असं आधीच म्हणा, आणि कागद पुढे ठेवा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती उघड करता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, खासगी रुग्णालयातसुद्धा. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असायला हवा, तिथे लेखी तक्रार द्या. १०९७ ही एचआयव्ही-एड्सची हेल्पलाइन, हा फोन मोफत आहे.

रोजचं वागणं

वजनाचा डिजिटल काटा घ्या. सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहा. एका दिवसात किलोपेक्षा जास्त किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढ म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. पापड, लोणचं, सुकट, फरसाण आणि आपली शेंगाचटणी यात तो चमचा कधी संपतो कळत नाही. भाकरीत, भातात मीठ घालायचं सोडा. चटणी कुटताना लसूण, जिरं, लिंबू वाढवा. सैंधवही मीठच. "लो सोडियम" मीठ तर स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी घेऊच नये, त्यात पोटॅशियम असतं. शहाळ्याचंही तसंच. पोट फुगलं की पाण्यात टाकून प्यायची ती फसफसणारी पावडर म्हणजे सोडा, त्यातही सोडियम भरपूर. उपवासाला साबुदाणा आणि बटाट्याच्या वेफर्सवर दिवस काढू नका.

पाणी किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. दीड लिटर सांगितलं असेल तर सकाळी तेवढं मोजून भांड्यात काढा. चहा, ताक, आमटी काहीही घेतलं की तेवढंच पाणी भांड्यातून ओतून टाका. भांडं रिकामं, दिवसाचं पाणी संपलं.

पाणी उतरवणाऱ्या लघवीच्या गोळीबद्दल बायका माझ्याशी हळू आवाजात बोलतात. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून एसटीने यायचं, स्टँडवरच्या मुतारीत जायची सोय नाही, म्हणून त्या दिवशी गोळी घेतच नाहीत, आणि रात्री दम लागतो. गोळी चुकवू नका, वेळ बदला. घरी पोचल्यावर दुपारी चारपर्यंत घेतली तरी चालते. डॉक्टरांना विचारून हे आधीच ठरवून ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पार जातो, घाम जातो, उभं राहिल्यावर चक्कर येते. तेव्हा मात्रा कमी करावी लागू शकते. जुलाब-उलट्या लागल्या तर लघवीची गोळी, रामिप्रिल, डापाग्लिफ्लोझिन तात्पुरतं थांबवायचं का ते त्याच दिवशी विचारा. एआरटी कोणत्याही दिवशी थांबवायची नाही.

डापाग्लिफ्लोझिनने लघवीतून साखर जाते, त्यामुळे जागेला खाज, बुरशी येते. धुऊन कोरडं ठेवा, लाजून गोळी सोडू नका. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या छातीत गाठ येऊन दुखू शकतं, तेही सांगा. दारू पूर्ण बंद. मिसरी आणि गुटखाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा. औषधं महाग पडत असतील तर जनऔषधी केंद्रात बघा. डापाग्लिफ्लोझिन आता जेनेरिक मिळतं.

बरं वाटल्यावर

सूज उतरली, ईएफ वर आला, की गोळ्या सोडायचा मोह होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका छोट्या अभ्यासात, फुगलेलं हृदय औषधांनी पूर्ववत झालेल्यांची औषधं देखरेखीखाली हळूहळू बंद केली होती. सहा महिन्यांत ४४ टक्क्यांना त्रास परतला. औषधं चालू ठेवलेल्यांपैकी त्या सहा महिन्यांत कोणालाही परतला नाही. तो अभ्यास एचआयव्हीचा नव्हता, पण स्नायू तोच असतो.

रात्री एकदम दम वाढला, फेसाळ थुंकी आली, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर १०८ लावा. शुद्धीवर असलेल्या, दम लागलेल्या माणसाला आडवं करू नका. खुर्चीवर ताठ बसवा, पाय खाली सोडा, पाणी पाजत बसू नका.

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी सांगा. रामिप्रिल, व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन पोटातल्या बाळाला घातक आहेत आणि कमजोर हृदयावर बाळंतपणाचा ताण फार येतो, म्हणून औषधं आधी बदलावी लागतात. आणि जन्मापासून एचआयव्ही असलेली, आज विशी-पंचविशीत आलेली मुलं माझ्या खिडकीवर येतात, त्यांच्या आई-मावश्यांना एवढंच सांगते: पोरगं चार पायऱ्यांत धापा टाकत असेल तर त्याला आळशी म्हणू नका, पुढच्या भेटीत त्याच्यासाठी ईसीजी आणि इको मागून घ्या.